रिकाम्या वाट्या

डॉक्टरीणबाईंनी वसुंधरेच्या बोटांचं एकेक पेर दाबून पाहिलं. सूज होतीच.

"आणि मन कसं आहे, काकू?"

हे कुणी विचारेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आळस वाढलाय. उठवत नाही. कुणाचं तोंड बघावंसं वाटत नाही. उगीच रडू येतं."

"आळस नाही तो. हा सुजेचा आजार सांध्यांपुरता थांबतोच असं नाही, मनालाही खाली ओढतो. त्यावरही औषध देते."

हरणीतल्या आपल्या सोसायटीकडे परतताना रिक्षात वसुंधरेला आधी हायसं वाटलं. मग शैला आठवली.

शैला समोरच्या फ्लॅटमधली. घरात काही केलं की वाटी भरून आणायची. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, हे वसुंधरेच्या अंगवळणी पडलेलं. चिमूटभर साखर घालून दिली असती तरी चाललं असतं, पण जिच्या श्रीखंडाचं अख्ख्या सोसायटीत नाव, ती साखरेवर भागवणार? मानी बाई! बोटं बरी झाली की करू, म्हणत वाट्या साठत गेल्या. पुढे बेल वाजली तरी ती दार उघडेनाशी झाली. बेलही मग वाजायची थांबली. आता घरात आवाज काय तो फ्रीजचा.

घरी येताच तिने सातही वाट्या पिशवीत घातल्या आणि समोरची बेल दाबली. न दाबता परत फिरावंसं फार वाटलं होतं.

शैलाने दार अर्धंच उघडलं. पिशवीत पाहिलं.

"रिकाम्याच आणल्यात," वसुंधरा म्हणाली. "हातांनी काही होत नाही. आणि मनही ठिकाणावर नव्हतं, शैला. तू बेल वाजवायचीस तेव्हा मी दारामागेच उभी असायचे."

शैलाने पिशवीवरून नजर वर उचलली.

"मला वाटलं, आमच्या हातचं तुम्हाला चालत नाही. ह्यांना म्हटलं पण तसं."

"चालत होतं गं. सगळं चाटूनपुसून खायचे."

शैलाने पिशवी घेतली.

"पुरे झालं, वहिनी. आता वाटी नाही आणायची मी."

वसुंधरेने मान हलवली. चूक आपलीच, बोलणार काय? ती वळली.

"कुठे चाललात? पानं घेतेय. इथेच जेवायचं आता."

'नको' अगदी ओठांवर आलं होतं. वसुंधरेने चपला काढल्या.