पट्टी खालून मोजते

माझ्या लायब्ररीचं नाव 'पट्टी'. लायब्ररी म्हणजे पुस्तकांचं कपाट नव्हे, प्रोग्रामला जोडायचा तयार कोड. पट्टीला नुसते आकडे सांगा, ती गेटची नक्षी काढून देते. फोटो मोठा केला की फाटतो. पट्टी फोटो ठेवतच नाही. रेषा कुठून निघाली, कुठे वळली, कुठे थांबली एवढंच लक्षात ठेवते. मग नक्षी नखाएवढी काढा नाहीतर बारा फुटी, कड साफच.

हे मला कॉलेजने शिकवलं नाही. काष्टीत आमचं गेट-ग्रिलचं दुकान आहे. अब्बा फळीवर खिळे ठोकतात, त्यांच्यामधून लोखंडाची पातळ पट्टी वाकवतात आणि तिच्या कडेने खडू ओढतात. मी तेच कोडमध्ये उतरवलं.

सुप्याच्या एका कारखान्यात पत्रा कापायचं मोठं मशीन आहे. तिथल्या भागवत साहेबांना पट्टी पसंत पडली, तर ती तिथे चालणार होती आणि मला नोकरी मिळणार होती. अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून सोबत आले होते.

साहेबांनी माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक गेट काढून पाहिलं आणि हसले. "अफ्रीन, मोजायची सुरुवात, म्हणजे शून्य, खाली धरलंस? पडद्याचं शून्य वरच्या कोपऱ्यात असतं. नवशिक्याची चूक."

"चूक नाही, सर. गेटवाले खालूनच मोजतात. पडद्यासाठीची उलटापालट पट्टी आतल्या आत करते. वापरणाऱ्याच्या डोक्याला ताप कशाला?"

"सगळं जग वरून मोजतं. जग चुकलं आणि काष्टी बरोबर?"

"गेटच्या बाबतीत, हो."

साहेबांचं हसू गेलं. "नोकरी हवी असेल तर इथे बस आणि बदल."

माझ्या आधी अब्बाच बोलले. "करंल साहेब, करंल. पोरगी जरा तापट हाय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबांपेक्षा अब्बांचाच जास्त राग आला. "अब्बा, गेटचं माप कुठून धरता?"

"खालनं."

"वरून धरलं तर?"

"तर गेट घासतंय. जमीन कुठं सरळ असती? आधी खाली दोन इंच मोकळं सोडायचं, मग..." ते बोलता बोलता थांबले. पडद्यावरच्या गेटखाली दोन इंच मोकळे होते. "हे तू सोडलं?"

"पट्टीच सोडते. कुणी विसरलं तरी."

अब्बा खुर्चीवरून उठले. "न्हाई साहेब. ती न्हाई बदलनार."

"मग नोकरी विसरा."

अब्बांनी लॅपटॉप स्वतःच मिटला आणि काखेत मारला.

त्याच दुपारी मी पट्टी इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट खुली केली. वर ओळख म्हणून काय लिहू, असं अब्बांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं: "माप खालनं धरा. ज्याला वरनं धरायचंय, त्यानं आपलं गेट घासत बसावं."