दिसेल अशी भाजी

"मावशी, यात भाजी कुठंय?"

तपासणीला आलेल्या मॅडमनी पळी पातेल्याच्या तळापर्यंत नेली, वर काढली आणि वरणाची पिवळी धार पुन्हा पातेल्यात सोडली. धारेत काहीच दिसलं नाही. त्यांनी परत एकदा ढवळून पाहिलं. वस्तीवरच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात तेवीस मुलं मांडी घालून जेवत होती आणि घास चावता चावता पाहुण्या बाईंकडे बघत होती.

जाईबाई खांबाला टेकून उभी होती. पहाटे साडेचारला उठलेली, गुडघे केव्हाचे बोलायला लागलेले. भाजी होती की वरणात. चांगला दोन किलो दुधीभोपळा होता, उकडून, वाटून, गाळून घातलेला. एवढं एक वाक्य म्हटलं की विषय मिटला असता. पण तेवीस पोरं कान देऊन बसली होती, त्यांच्यासमोर ते म्हणायचं कसं?

"हाय की, मॅडम," ती हळूच म्हणाली.

"मला तर दिसत नाही."

मुख्याध्यापक रोहिदास सर काही बोलायला पुढे झाले. जाईबाईनं त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली. सर मागे सरले. ते ही गोष्ट जाणून होते, कारण शिरूरच्या बाजारातून भाजी तेच आणत आणि दुसऱ्या दिवशीची भाजी रोज संध्याकाळी जाईबाईच्या पिशवीत तेच भरून देत.

अकरा वर्षं ती या शाळेत स्वयंपाक करत होती. पहिली दोन वर्षं तिनं भाजी चिरूनच घातली आणि ताटांच्या कडेवरून उचलून बादलीत टाकली. तिच्या स्वतःच्या पोरांनी असले नखरे कधी केले नव्हते. ताटात पडेल ते खायची, कारण दुसरं काही नसायचं. या पोरांचे आईबाप रांजणगावला कंपनीत, सकाळच्या बसला गेलेले. घरी पोरांच्या हातात कुरकुरे नाहीतर बिस्किटाचा पुडा. मग तिनं लपवायला सुरुवात केली. भोपळा वरणात विरघळतो, गाजर हळदीच्या आड जातं, पालकाला मात्र काळा मसाला लागतो, हे तिचं तिनंच शोधून काढलं. शाळेत मिक्सर नव्हता. म्हणून भाजी घरी न्यायची, पहाटे उकडून वाटायची आणि डब्यात भरून आणायची. या जादा कामाबद्दल तिला कुणी शाबासकी दिली नव्हती, कारण ते कुणाला सांगायचंच नव्हतं.

मॅडम खाली वाकल्या. समोर दुसरीतली राजनंदिनी बसली होती. ही पोरगी शाळेत आली तेव्हा फिकट पडलेली, दंडाला धरलं तर बोटं एकमेकांना लागायची. हिरवं काही दिसलं की ओकारी काढायची. डॉक्टरांनी अंगात रक्त नाही म्हणून सांगितलं होतं. आता तिच्या गालांवर जरा तकाकी आली होती आणि ताट पुसून खाल्लं होतं.

"बाळा, तुमच्या जेवणात भाजी असते का गं?"

आपल्या जाईआजीला बोलणी बसतायत, एवढं राजनंदिनीला कळलं होतं. तिची बाजू आपण घेतलीच पाहिजे, म्हणून ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "न्हाई मॅडम. जाईआजी कवाच भाजी घालत न्हाई. म्हणून तर आमी समदं खातो."

आणि तिनं मोठ्या विजयानं जाईबाईकडे पाहिलं. अकरा वर्षांच्या कामाला याहून चांगलं प्रमाणपत्र कुणी दिलं नसतं. जाईबाईला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

मुलं हात धुवायला गेल्यावर ऑफिसात सरांनी सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या आणि त्याही दमलेल्या दिसत होत्या.

"म्हणजे शाळेची भाजी रोज मावशींच्या घरी जाते," त्या म्हणाल्या.

असं म्हटलं की ते भलतंच वाटत होतं.

"वाटायला न्हेते, मॅडम. सकाळच्याला परत आणते."

"तक्रारीत तेच आहे, मावशी. संध्याकाळी भरलेली पिशवी जाते आणि दुपारी ताटात भाजी नसते. आता मीही स्वतः पाहिलं. जे दिसलं नाही ते मी आहे म्हणून कसं लिहू?"

तक्रार शाळा समितीच्या अध्यक्षांची होती. अध्यक्ष म्हणजे सर्जेराव आप्पा, राजनंदिनीचे आजोबा. मॅडमनी शेरा लिहिला: भाजी आढळली नाही. यापुढे भाजी शाळेबाहेर नेऊ नये, तुकडे दिसतील अशी घालावी आणि ताटाचा फोटो रोज पाठवावा. पुन्हा तक्रार आल्यास स्वयंपाकाला दुसरी बाई नेमावी. जाईबाईनं खाली सही केली.

मॅडमची गाडी गेल्यावर सर म्हणाले, "मी आत्ता जाऊन आप्पांना सांगतो."

"नगा सांगू, सर. आप्पांच्या पोटात काय राहतंय व्हय? रात्री जेवताना नातीला म्हणतील, शाळंत भाजी खाती आन् घरी नाक मुरडती. एकदा का पोरीला कळलं की माझ्या हातचं कायबी तोंडात घ्यायची न्हाई."

"पण तुमचं नाव खराब होतंय, जाईबाई. लोक चोर म्हणतील."

जाईबाईनं पदरानं तोंड पुसलं. तो शब्द आतापर्यंत कुणी उच्चारला नव्हता. "म्हणू द्या," ती म्हणाली आणि पातेली घासायला गेली.

संध्याकाळी दूध डेअरीपाशी आप्पा उभे होते. एका हातात किटली, दुसऱ्या हाताला राजनंदिनी. दूध घालायला आलेली पाच-सहा माणसं होती.

"जाईबाई, राग धरू नका," आप्पा म्हणाले. "पोरगी रोज सांगायची, भाजी नसती म्हणून. आन् पिशवी तर म्या डोळ्यांनी बघितली. लेकरांच्या तोंडचं हाय ते, म्हणून बोलावं लागलं."

माणसं वळून बघायला लागली. राजनंदिनी मान वर करून एकदा आजोबांकडे आणि एकदा जाईआजीकडे बघत होती. तिचे गाल जाईबाईच्या अगदी समोर होते.

"व्हय, आप्पा," जाईबाई म्हणाली. "चुकलं माझं. उद्यापसनं दिसंल भाजी."

वाटेत ओढ्याच्या पुलावर ती थोडा वेळ बसली. वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. पण रडायचंही त्राण नव्हतं. मग अंधार पडायच्या आत उठून ती घरी आली. पत्र्यावर तिचा स्वतःचा लाल भोपळ्याचा वेल चढला होता. त्याखाली उभी राहून तिनं भोपळे निरखले आणि त्यातला एक उतरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डेअरीवरूनच शाळेला गेली. पिशवी जड होती. तिच्या भाकरीखाली वाटलेल्या भोपळ्याचा डबा होता. डेअरीवर उभ्या आप्पांनी नुसती मान हलवली. शाळेकडे जाणाऱ्या पिशवीत काय आहे, हे कुणी विचारत नाही.

शाळेतली गाजरं तिनं बोटाएवढी चिरून वरणात सोडली. सरांनी ताटाचा फोटो काढला. फोटोत भाजी छान दिसत होती. मग मुलं जेवायला बसली आणि ताटांच्या कडेवर गाजराच्या रांगा लागल्या.

"आज का गं घातलीस भाजी?" राजनंदिनी रुसून म्हणाली.

"मॅडमनी सांगितलंय."

"मी समदी काढली बघ. एक पन न्हाई खाल्ली."

"बरं केलंस. वरण घेतीस अजून?"

पोरीनं वाटी पुढं केली. वाटी भरून घेतली, संपवली, पुन्हा पुढं केली.

मुलं उठल्यावर जाईबाईनं कडेचे तुकडे एकेक करून बादलीत गोळा केले. फेकून द्यायचं जिवावर आलं. पण घरी न्यायचे नव्हते, म्हणून शाळेमागच्या शेळ्यांपुढे टाकले.

संध्याकाळी आप्पा डेअरीवर होतेच. ती जवळ आली तशी त्यांची नजर पिशवीकडे गेली. ते काही बोलायच्या आत जाईबाईनं रिकामा डबा काढून कट्ट्यावर ठेवला आणि पिशवी उलटी करून सगळ्यांसमोर झटकली. भाकरीचा चुरा तेवढा पडला.

"आता कशाला ते, जाईबाई," आप्पा ओशाळून म्हणाले.

"असू द्या, आप्पा. रोज बघत जावा."

डबा पिशवीत टाकून, पिशवी काखेत मारून ती निघाली. वेलावर अजून पाच भोपळे होते. ते संपेपर्यंत वेलाला नवे धरतील का, याचा हिशोब करत ती पूल ओलांडून गेली.