ओकोचा कान

इमकेचं ग्लायडर क्लबाच्या धावपट्टीच्या अकरा किलोमीटर अलीकडे, एका कुरणात उतरलं. वर चढणारी हवा संपली की इंजिन नसलेल्या विमानाला दुसरा इलाज नसतो. दहा-बारा कालवडी चौकशीला आल्या आणि एकीने पंख चाटायला घेतला. इमके टोपीने त्यांना हाकलत उभी राहिली. एरवी ती हसली असती, पण आजच्या आज तिला एका पत्राला हो आणि दुसऱ्याला नाही कळवायचं होतं.

पहिलं पत्र उड्डाणशाळेचं. दोन वर्षं नुसतं उडायचं, एकविसाव्या वर्षी परवाना हातात. दुसरं ब्रेमेनच्या विद्यापीठाचं. परवाना तिथेही मिळणार, पण चार वर्षांनी, आणि मध्ये गणित, हवामान, यंत्रशास्त्र यांचा डोंगर. तिचा जीव पहिल्यात अडकला होता. वडील, रेमर, दुसऱ्यावर अडून बसले होते आणि त्यांच्याकडे हुकमाचा एक्का होता: ओकोचा कान.

ओको क्लबातला जुना माणूस. वीस वर्षं त्याने प्रवासी विमानं चालवली. मग डाव्या कानाने दगा दिला, तोल जाऊ लागला आणि डॉक्टरांनी त्याचं उडणं बंद केलं. उडण्याखेरीज काही न शिकलेला माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात पोरांच्या शेजारी बाकावर जाऊन बसला. रेमर ही गोष्ट जेवताना इतक्यांदा सांगत की ओको नुसता दिसला तरी इमकेची भूक मरायची.

आणि ट्रेलर घेऊन आला तो नेमका ओको. वाटेत उतरलेल्याला आणायला जो मोकळा असेल तो जातो, आणि आणणाऱ्याला जेवू घालायचं ते उतरलेल्याने. क्लबात याला अपवाद नाही.

“लागलं का कुठे?” ओकोने विचारलं.

“नाही. लाज वाटतेय तेवढी.”

“त्यावर माझ्याकडे औषध नाही. कुरण कधी हेरलंस?”

“चारशे मीटर उंचीवर.”

“मग बदललंस?”

“नाही. पलीकडचं मोठं दिसत होतं, मोह झाला. पण नाही.”

ओकोने कुंपणापलीकडे बोट दाखवलं. त्या मोठ्या कुरणात दर तीस पावलांवर पाण्याचा चर होता, गवताने झाकलेला. वरून एकही दिसला नव्हता. तिथे उतरली असती तर ग्लायडर मोडलं असतं. दोघांनी पंख सोडवून ट्रेलरमध्ये चढवले.

खानावळीत हेरिंग मासा आणि परतलेले बटाटे आले, चहात खडीसाखर तडकली. इमके मुद्दाम ओकोच्या उजव्या हाताला बसली होती. तिने विचारून टाकलं, “तुला पस्तावा होतो का रे? आधीच शिकला नाहीस म्हणून?”

“तुझ्या बापाने माझा कान पार झिजवलाय,” ओको म्हणाला. “काय सांगतो तो, मी बाकावर रडत बसायचो?”

“जवळजवळ.”

“अगं, मजेत होतो मी. वीस वर्षं ढगातून विमानं नेली, आणि ढग नेमका तिथेच का उभा राहतो ते त्या बाकावर कळलं. विशीत कळलं असतं तर उडायला आणखी मजा आली असती, एवढाच पस्तावा. पण कान जाईल या भीतीने ब्रेमेनला जाऊ नकोस. महिन्यात कंटाळशील.” त्याने माशातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. “आज कुरण हेरल्यावर काय केलंस?”

“वर नेणारी हवा शोधत राहिले. एकदा साठेक मीटर चढलेही.”

“भीती वाटली?”

“नाही. उतरायचं कुठे ते ठरलं होतं ना.”

ओको जेवत राहिला. इमकेने मात्र हातातला काटा-चमचा खाली ठेवला. आपण काय बोललो ते तिला आत्ता कळत होतं: ब्रेमेन म्हणजे आधीच हेरून ठेवलेलं कुरण.

तेवढ्यात फोन वाजला. रेमर होते. “ठरलं का काही?”

“ठरलं. ब्रेमेन.”

पलीकडे त्यांनी मोठा श्वास सोडला. “बघ, मी म्हणतच होतो, त्या ओकोचा कान...”

“पापा, थांब. मला शिकायचंय म्हणून मी जातेय, घाबरले म्हणून नाही. आणि ओकोचा कान यापुढे आपल्या जेवणाच्या टेबलावर येणार नाही. कबूल नसेल तर आत्ताच उड्डाणशाळेला हो कळवते.”

“बरं बाई,” रेमर म्हणाले. “कबूल.”

चांगल्या कानाने ओकोने सगळं ऐकलं होतं. त्याने रुमाल काढून बराच वेळ नाक पुसलं.

“गोडही मागव,” तो म्हणाला. “आज जेवण तुझ्याकडे आहे.”