दोन हातांचा खडू

"खडूसुद्धा पूर्वीसारखे राहिले नाहीत," असं पुटपुटत बेलमिरोने ओदेतच्या कॅफेबाहेरच्या फळ्यावर आकडे काढले. पूर्वी एक पेटी वर्षभर पुरायची, आता सहा महिन्यांत संपायची. बनवणारे भेसळ करतात, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो भेटेल त्याला ऐकवायचा.

चाळीस वर्षं त्याने पोर्तुगालच्या या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेले पर्सेबिश, म्हणजे शिंपल्यांसारखे खायचे जीव, खरवडून पोट भरलं. हात कपारीत, मान खाली; लाट कानांनीच मोजायची. कॅफेखालच्या किनाऱ्यावर एक भोकाचा खडक आहे. लाट आत शिरली की तो घुमतो. दोन घुमण्यांमध्ये किती सेकंद गेले, त्यावरून लाट जवळची की लांबच्या वादळाची, हे कळतं; अंतर जितकं जास्त, तितकी लाट लांबची आणि जोरदार. वाऱ्याला निलगिरीचा वास असला की तो जमिनीवरचा. शेवाळाचा असला की उत्तरेचा, म्हणजे दुपारी सगळं विस्कटणार. फळी घेऊन लाटांवर सर्फिंग करायला येणाऱ्यांसाठी तो हे रोज फळ्यावर लिहायचा. मग आत जाऊन बसायचा. ओदेत कॉफी ठेवता ठेवता विचारायची, "काय म्हणतोय दर्या?" तो सगळं सांगायचा आणि ती बाहेर खुर्च्या मांडायला जायची.

एक गोष्ट मात्र त्याने तिलाही सांगितली नव्हती. दोन वर्षांपासून त्याला फळा दिसत नव्हता. सांगितलं तर हे काम जाणार, आणि मग सकाळी उठायचं तरी कशाला?

त्या मंगळवारी कॅफे बंद होतं. लेक बाळंत झाली म्हणून ओदेत लिस्बनला गेली होती. बेलमिरो बाकावर कॉफीविना बसला होता, तेवढ्यात सर्फिंगची शिकवणी घेणारी बेनेदिता अकरा नवशिके घेऊन आली. पुढ्यात समुद्र तळ्यासारखा पडलेला, मोबाइलवर अर्ध्या मीटरच्या लाटांचा अंदाज. मंडळी पाण्यात उतरायला उतावीळ झाली होती. बेनेदिता फळ्यासमोर थबकली.

"काका, हे काय लिहिलंय? कालच्यावरच आजचं गिरवलंय. आठ आहे की अठरा?"

बेलमिरोने आठ म्हटलं असतं तर ते समोरच्या शांत समुद्राशी जुळलं असतं आणि झाकली मूठ राहिली असती. पण पहाटेपासून तो खडक ऐकत होता. खडक बराच वेळ गप्प बसायचा आणि मग अठरा-अठरा सेकंदांनी पाच-सहा वेळा घुमायचा.

"अठरा," तो म्हणाला. "मला फळा दिसत नाही, पोरी. दोन वर्षं झाली. पण कान शाबूत आहेत. कुणालाही पाण्यात सोडू नकोस. अर्धा तास थांब."

बेनेदिताने सगळ्यांना वर, कॅफेच्या पायऱ्यांवर बसवलं. लोक कुरकुरले. एकाने तर चपला खाली वाळूतच ठेवल्या, आत्ता जायचंच आहे म्हणून.

वीस मिनिटं काहीच झालं नाही. मग खडक घुमला, पुन्हा घुमला, आणि एकामागून एक पाच लाटा पायऱ्यांपर्यंत चढून आल्या. चपला गेल्या.

बेनेदिता त्याच्या शेजारी येऊन बसली.

"ओदेतताई रोज तुमचं पुसून पुन्हा लिहायच्या, काका. तुम्ही आत कॉफी घेत असायचात तेव्हा. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या म्हणायच्या, अक्षर गेलं म्हणून दर्या कळणारा माणूस कशाला घालवायचा?"

बेलमिरोला आधी लाज वाटली, पण ती टिकली नाही. इतकी माणसं इतके दिवस आपल्यासाठी गप्प राहिली, या विचाराने त्याचा ऊर भरून आला. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

शुक्रवारी ओदेत परतली, तेव्हा तो दारातच उभा होता. नातीची चौकशी झाली. मग त्याने खडूची पेटी तिच्या हातात दिली.

"खडू चांगलेच आहेत गं," तो म्हणाला. "उगाच बदनाम केलं मी त्यांना. दोघांनी लिहिल्यावर झिजणारच."

ओदेतने फळा स्वच्छ पुसला, एक खडू काढला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतोय दर्या?"

तो तिच्या शेजारी उभा राहून सांगू लागला.