वाकणारा दांडा

मच्छिंद्र वाबळे अंगणात मांडी घालून बसले होते आणि एका काळ्या दांड्यावर नाण्याने टकटक करत होते. वरून खाली, बोटभर अंतरावर. आवाज सगळीकडे सारखा खणखणीत यायला हवा होता. कुठे बद्द वाजला तर तिथे आतले थर सुटले असं समजायचं. त्यांची सारी नोकरी हवाई दलात विमानांच्या पंखांची दुरुस्ती करण्यात गेली होती, आणि हे टकटक करणं ते तिथेच शिकले होते.

"मडकं घेतल्यावानी काय वाजिवताय?" ओट्यावरून कडूबाई म्हणाल्या. "पोरगी कवाची खोळंबलीय."

"मडकं फुटलं तर पाणी सांडेल. हे फुटलं तर सविता पडेल."

"मंग लोखंडाचा घालायचा हुता."

"लोखंड जड असतं."

"आन् जड असलं तर? तिला काय दांडा उचलून पळायचंय?"

मच्छिंद्र हसले. विमानाचं गणित बायकोला कसं समजवायचं, हे त्यांना लग्न झाल्यापासून जमलं नव्हतं.

सविता त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेजात असताना तिचे पाय जिन्यावर अडखळू लागले. मग जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागू लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी स्नायू झिजण्याचा आजार सांगितला आणि औषध नाही, हेही सांगितलं. आता ती चाकाच्या खुर्चीत बसून सुप्याच्या एका कारखान्याचं काम घरूनच संगणकावर करायची. पाय गेले होते, पण खांद्यांत जोर होता.

त्या जोरापायीच डॉक्टर सीमा काळे त्यांच्या घरी आल्या होत्या. नगरच्या एका कॉलेजात त्या दिव्यांग खेळाडूंच्या हालचालींवर संशोधन करत. बसून गोळा फेकणाऱ्यांसाठी एक उंच लोखंडी बैठक असते. ती जमिनीला घट्ट बांधतात, खेळाडूला पट्ट्यांनी तिच्यावर बांधतात. एका हाताने समोरचा उभा दांडा धरायचा, दुसऱ्याने गोळा फेकायचा. सीमा मॅडम सविताच्या फेकण्याचं चित्रीकरण करत आणि अधूनमधून रक्तही घेत.

"स्नायूच्या आत एक प्रथिन असतं," त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. "स्नायू फुटला की ते रक्तात गळतं. रक्तात फार वाढलं, तर मी गोळाफेक थांबवणार. तेव्हा माझ्याशी भांडायचं नाही."

"आमी कशाला भांडतोय बाई," कडूबाई म्हणाल्या होत्या. "तिलाच ईचारा. ती भांडती."

सुरुवातीला बैठकीला साधा लोखंडी दांडा होता. मच्छिंद्रांना तो बघवेना. सुप्याच्या एका कारखान्यात त्यांच्या ओळखीचा माणूस होता. त्याच्याकडून कार्बनच्या कापडाचे उरलेसुरले तुकडे आणून, थरावर थर चढवून त्यांनी नवा दांडा घडवला. पातळ, हलका, आणि त्यांच्या मते लोखंडापेक्षा मजबूत.

नवा दांडा बसवला आणि गोळा आधीपेक्षा हातभर लांब पडला. पुढच्या आठवड्यांत आणखी थोडा. सीमा मॅडमनी रक्त तपासलं, तर प्रथिनही खाली आलेलं. त्यानंतरच्या वेळी आणखी खाली.

"म्हणजे स्नायू फुटायचा थांबला?" सविताने विचारलं.

"अजून काही सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. पण म्हणताना त्या हसत होत्या, आणि घरच्यांनी ते हसूच ऐकलं.

कडूबाई मढीला जाऊन कानिफनाथापुढे नारळ वाढवून आल्या. सविताने वडिलांना न्हाणीघराशेजारच्या भिंतीला एक आडवा पाइप ठोकायला लावला. त्याला धरून उभं राहायचा सराव करायचा होता.

"घाई करू नको," मच्छिंद्र म्हणाले.

"आप्पा, मी किती वर्षं बसलेय. याला घाई म्हणतात?"

राज्याच्या संघाची निवड चाचणी नगरला होती. डॉक्टरांनी जे संपत जाणार म्हणून सांगितलं होतं, ते परत येतंय, हे तिला चार लोकांसमोर दाखवायचं होतं. निवड झाली तर उत्तमच, पण खरी गोष्ट ती. मच्छिंद्रांनाही तेच बघायचं होतं. म्हणूनच कदाचित, सविता अलीकडे चहाचा कप दोन्ही हातांनी धरते, वेणी घालायला आईला हाक मारते, हे त्यांना दिसायचं आणि ते म्हणायचे, सरावाने दमली असेल.

चाचणीच्या दिवशी मैदानावर ऊन तापलं होतं. सीमा मॅडमही आल्या होत्या. बैठक बांधून झाली, सविता वर बसली, पट्टे आवळले. टोपी घातलेल्या एक पंच बाई आल्या. त्यांनी दांडा मुठीत धरला आणि सारा भार टाकून मागे ओढला. मग सोडला. पुन्हा ओढला.

"हा कुणी केला?"

"मी," मच्छिंद्र म्हणाले. त्यांना वाटलं, बाई कौतुक करणार.

"वाकतोय हा."

"वाकणारच. विमानाचा पंखसुद्धा वाकतो बाई. वाकतो म्हणून तर तुटत नाही."

"काका, हे विमान नाहीये." बाई रागावल्या नव्हत्या. "ही दांडा ओढून मागे जाते तेव्हा तो हिच्याबरोबर वाकतो. मग सरळ होताना हिला पुढे ढकलतो. नियमात बसत नाही. गोळा हिने फेकायचाय, दांड्याने नाही."

मच्छिंद्रांना सगळं तिथल्या तिथे कळलं. वाकलेला पंख किती जोराने माघारी येतो, हे त्यांच्याइतकं तिथे कुणाला ठाऊक होतं? पण नोकरीभर वजनाशी झगडलेला माणूस त्यांच्या अंगात मुरला होता. बैठक जमिनीला बांधलेली, तिला कुठेही उडायचं नव्हतं. तरी त्यांनी दांड्याचं वजन तोळ्या-माशाने उतरवलं होतं. आणि कॅमेरा सगळा वेळ सविताच्या खांद्यावर रोखलेला. दांड्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"लोखंडी दांडा आहे आमच्याकडे," पंच बाई म्हणाल्या. "बसवा लवकर."

"बसवा आप्पा," सविता म्हणाली. "काय फरक पडतोय?"

त्यांनी बसवला. नट आवळताना पाना दोनदा घसरला.

सविताने गोळा मानेशी धरला, दांडा ओढला आणि फेकला. गोळा इतक्या जवळ पडला की लांब जाऊन उभा राहिलेला मोजणारा माणूस बैठकीकडे परत आला.

"पकड सुटली," ती म्हणाली.

दुसराही तिथेच पडला. पहिल्या दिवशी, काहीच येत नव्हतं तेव्हाही, लोखंडी दांड्यावर तिने याच्यापेक्षा लांब फेकला होता. हे मच्छिंद्रांना कळलं, सीमा मॅडमना कळलं. सविता हाताकडे बघत होती.

"मॅडम," तिने हाक मारली. "रक्तातलं ते कमी झालंय ना?"

"झालंय."

"मग?"

सीमा मॅडम बैठकीजवळ आल्या. त्यांना सांगायचं नव्हतं, पण सविताने नजर हलवली नाही.

"ते दोन कारणांनी कमी होतं. एक, स्नायू फुटायचा थांबला तर."

"आणि दुसरं?"

"गळायला स्नायूच फारसा उरला नसेल तर."

पलीकडच्या वर्तुळात कुणाची तरी फेक चांगली झाली असावी, टाळ्या वाजल्या.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"दोन्ही कारणं माहीत होती. पण तुझी फेक वाढत होती गं. फेक वाढतेय म्हटल्यावर मी पहिलंच धरून चालले." मॅडमनी बाजूला काढून ठेवलेल्या काळ्या दांड्याकडे पाहिलं. "मी दांडा तपासायला हवा होता."

"तो माझा होता," मच्छिंद्र म्हणाले.

सविता एकदम हसली. "तुमचा दांडा चांगला फेकतो आप्पा. संघात त्यालाच पाठवा."

"चल बाळा, घरी जाऊ."

"एक फेक राहिलीय."

"कशाला आता? मॅडम, सांगा हिला. उरलंय तेवढं तरी राहू दे अंगात."

मॅडमनी तिच्या दंडावर हात ठेवला. "नको सविता. खरंच नको."

"ठेवून काय करू?" सविताने विचारलं. तिच्या स्वरात राग नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. "वेणी घालू? कप धरू? तुम्ही सांगा, कशासाठी राखून ठेवू, मी ठेवते."

मॅडमनी हात काढून घेतला. लहानपणापासून तिच्या प्रत्येक प्रश्नाला मच्छिंद्रांनी काही ना काही उत्तर दिलं होतं. विमान का पडत नाही इथपासून ते मलाच का झालं इथपर्यंत. आज ते गोळा उचलून आणायला गेले.

"वेळ होतोय," पंच बाई हळूच म्हणाल्या.

मच्छिंद्रांनी गोळा पुसून तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो उचलला, पण मानेपर्यंत नेताना कोपर दोनदा खाली आलं. तिसऱ्या वेळी पोचला. लोखंडी दांडा तिने घट्ट धरला आणि जीव खाऊन मागे ओढला. दांडा तसूभरही हलला नाही. गोळा सुटला आणि बैठकीच्या पुढ्यातच मातीत बसला.

लाल झेंडा उठला नाही. फेक नियमानुसार झाली होती. माणसाने अंतर मोजलं आणि ते मोठ्याने पुकारलं.

सविताचा हात मांडीवर पडला होता तसाच राहिला. तिने कमरेच्या पट्ट्याची कडी सोडायचा प्रयत्न केला. बोटं कडीपर्यंत गेली, पण त्यांना ती दाबता येईना. मच्छिंद्र गुडघे टेकून पुढे बसले आणि भराभर पट्टे सोडू लागले. पुढची खेळाडू खुर्चीत बसून वाट बघत होती.

"हळू आप्पा," सविता म्हणाली. "आता कसली घाई आहे?"

त्यांनी हात थांबवला. मग एक-एक कडी सावकाश सोडायला घेतली.