गिरणीतलं चौदावं वर्ष

"ओठ उघडायचे नाहीत. कोणी विचारलं तर चौदा म्हणायचं, आणि मान खाली."

मुलीला कामावर घेताना मुकादमाने मायलेकींना असं बजावलं होतं. तो आवाज आईच्या कानात असा बसला होता, की रोज पहाटे वेणी घालताना तीच मुलीकडून ते घोकून घ्यायची. मुलीचे समोरचे दोन दात नुकतेच पडले होते. चौदाव्या वर्षी तोंडात असं खिंडार नसतं, म्हणून तोंड मिटायचं. मिटल्या तोंडाने चौदा कसं म्हणायचं, ते मात्र मुकादमाने कोणालाच सांगितलं नव्हतं. सूत कातायच्या साच्यांवरच्या बायका म्हणायच्या, "आमच्या गिरणीत पोरं जन्माला येतात तीच चौदाची."

राहती खोली गिरणीची होती. खोलीमागे दोन माणसं कामावर हवीत, नाहीतर खोली खाली करायची, असा नियम. नवरा होता तोवर प्रश्न नव्हता. कापसाचे तंतू छातीत साठून तो गेला, सासू अंथरुणाला खिळलेली, मग दुसरं माणूस आणायचं कुठून? मुलगी अनवाणी साच्याच्या पट्टीवर चढायची, सुताने भरलेल्या बाबिनी काढून रिकाम्या बसवायची. चालत्या पट्ट्यापासून तिचा पाय वीतभर दूर असे. तिचं चढणं बघून सगळे तिला खार म्हणत. शेजारच्या साच्यावरच्या पोरीची दोन बोटं गेल्यापासून आईचा निम्मा जीव स्वतःच्या धाग्यांवर आणि निम्मा त्या पट्टीवर असे.

त्या आठवड्यात फोटोवाला आला. मालकांना यंत्रांचे फोटो हवेत, असं सांगून आत शिरला. तीन पायांवर पेटी उभी केली, डोक्यावर काळं फडकं घेतलं, आणि यंत्राची उंची कळावी म्हणून खारीला साच्याशेजारी उभं केलं. तिचं डोकं दुसऱ्या दांडीलाही लागत नव्हतं. त्याने हळूच वय विचारलं. तिने तोंडावर हात ठेवून चौदा म्हटलं. त्याने आईकडे पाहिलं. मुकादम दोन पावलांवर होता. आईनेही चौदाच सांगितलं, आणि धाग्यांकडे वळली. मुलगी मात्र खुशीत होती. बरोबर म्हटलं ना गं, असं तिने दोनदा विचारलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी फोटोवाला खोलीवर आला. बसायला दिलेल्या खोक्यावर न बसता त्याने फोटो सासूच्या पांघरुणावर मांडले. भट्टीपुढे गाल भाजलेला मुलगा. कोळसा निवडणारी, म्हाताऱ्यांसारखी वाकलेली पोरं. प्रत्येकाखाली वय लिहिलेलं. खारीच्या फोटोखाली जागा कोरी. चौदा लिहायला माझा हात धजत नाही, तो म्हणाला, आणि पुराव्याशिवाय खरं लिहिता येत नाही. पुरावा मिळाला तर हे फोटो कायदा करणाऱ्यांसमोर ठेवीन. मात्र गिरणीला कोणी सांगितलं ते कळल्यावाचून राहणार नाही, हेही त्याने लपवलं नाही. संध्याकाळच्या गाडीने तो जाणार होता, तोवर स्टेशनसमोरच्या खाणावळीत होता.

"चौदाच आहे ती," आई म्हणाली. त्याने बाकीचे फोटो गोळा केले. तिचा फोटो मुलीला देऊन निघून गेला.

खार बराच वेळ स्वतःकडे बघत बसली. मग जिभेने हिरडी चाचपत तिने विचारलं, "आई, माझे दात आता येणारच नाहीत ना?"

"का नाही येणार?"

"लहान मुलांचे येतात. मी चौदाची आहे."

थट्टा असेल म्हणून आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. रोज पहाटे घोकून घोकून पोरीला ते खरंच वाटू लागलं होतं, आणि या दातांचं दुःख ती एकटीच गिळून बसली होती. आईने तिला मांडीवर ओढलं.

"येतील," ती म्हणाली. "सात वर्षांची आहेस तू. सात. आणि हे मी त्या फोटोवाल्याला सांगणार आहे. आजच."

"आणि मुकादमाला?"

"त्याला आपोआप कळेल."

सासू भिंतीकडे तोंड करून पडली होती. "सत्याला छप्पर नसतं, सूनबाई," ती म्हणाली. "माझं हे धूड कुठे घेऊन फिरशील?"

"पाठीवर घेईन, आत्याबाई."

"पाठ आहे का तुला?" म्हातारी खोकली. मग तिने उशीखालून देवाचं पुस्तक काढलं. त्याच्या शेवटच्या पानावर लेकाने आपल्या मुलीचा जन्म लिहून ठेवला होता: दिवस, वर्ष, आणि पाऊस होता एवढंच. "पान फाडू नकोस," ती म्हणाली. "पुस्तक दाखव आणि परत आण."

आईने आधी भांडी उतरवून चादरीत बांधली, पातेल्यात वाट्या, वाट्यांत चमचे, जास्त आवाज न करता. पुस्तक कपाळाला लावलं, शालीखाली धरलं. मुलीला आजीजवळ बसवलं, आणि कोणाला हाक न मारता स्टेशनच्या वाटेला लागली.