चट्ट्यासारखं काहीतरी

चर्चच्या मंडळीतले सगळे त्याला पुट्टीमामा म्हणत. पस्तीस वर्षं त्यानं लोकांच्या भिंती घासल्या, भरल्या, रंगवल्या. उपासनेला येताना कितीही हात धुतले तरी गीतांच्या पुस्तकावर त्याच्या बोटांचे पांढुरके ठसे उमटायचेच.

त्या वर्षी पाळकबाईंनी बुधवारच्या अभ्यासगटात जुन्या इस्राएल लोकांचं नियमशास्त्र वाचायला घेतलं आणि सगळ्यांनी नाकं मुरडली.

"कुठला मासा खायचा, दाढीची कड कापायची की नाही! आपल्याला आता त्याचं काय?" निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले.

"तेच बघायचंय," म्हणत बाईंनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकानं एकेक नियम वाचून त्यावर बोलायचं. पुट्टीमामाच्या चिठ्ठीत घराच्या भिंतीवर उठणाऱ्या चट्ट्याचा नियम निघाला, तशी खसखस पिकली. तोही हसला.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यानं तो भाग बोट ठेवून वाचला. हिरवट-तांबूस डाग, भिंतीच्या आत शिरलेले. 'लिहिणाऱ्याला भिंत कळत होती,' तो मनाशी म्हणाला. पुढे लिहिलं होतं, की घरमालकानं स्वतः याजकाकडे, म्हणजे पुरोहिताकडे, जाऊन सांगावं, माझ्या घरात चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय. याजकानं आधी घर रिकामं करायला सांगावं, म्हणजे घर अशुद्ध ठरलं तरी आतलं सामान वाचेल. मग बघावं, सात दिवस घर बंद ठेवावं, पुन्हा येऊन बघावं. डाग पसरला असेल तर तेवढेच दगड काढून नवे बसवावेत. त्यावरही तो परत आला, तरच घर पाडावं.

त्यानं पुस्तक मिटलं. शेजारच्या खोलीचं दार नेहमीसारखंच लोटलेलं होतं.

त्या खोलीत बायकोचं कपाट होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. कपाटामागून ओल वर चढली, तेव्हा त्यानं हात लांबवून पोचेल तेवढ्या भागावर रंग मारला. पुन्हा डाग उठला, पुन्हा मारला. असे चार हात झाले, पण कपाट मात्र हललं नाही. लेकीनं एकदा आईची शिलाई मशीन मागितली होती. "हे घर आहे, गोदाम नाही," तो वस्सकन बोलला होता. तेव्हापासून ती फक्त रविवारी फोन करायची. जेवलात का, औषध घेतलंत का, बस्स.

दुपारी त्याचा डोळा लागला. पांढऱ्या झग्यातला कुणी माणूस खोलीत आला आणि भिंतीवरून तळवा फिरवत चालू लागला, आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावा तसा. भिंत संपत नव्हती. तो माणूस काही बोलतही नव्हता, रागावतही नव्हता, नुसता बघत होता. पुट्टीमामा जागा झाला तेव्हा उशी ओली होती.

चपला घालून तो तडक प्रार्थनागृहात गेला. पाळकबाई मायक्रोफोनच्या वायरींचा गुंता सोडवत जमिनीवर बसल्या होत्या.

"बाई, मला माझ्या घरात चट्ट्यासारखं काहीतरी दिसतंय."

"वा! बुधवारी सुरुवात अशीच करा," त्या हसल्या. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वायर खाली ठेवली. "मामा, मला भिंतीतलं ओ की ठो कळत नाही."

"मला कळतं ना. म्हणून तर इतकी वर्षं झाकू शकलो. बघायला दुसरं कुणीतरी लागतं. मी बघितलं की मला नुसता रंग दिसतो."

बाई उठल्या. "आधी खोली रिकामी करा. लेकीला बोलवा. मग मी येते."

लेक आली. काही न विचारता तिनं पदर खोचला. बापलेकीनं पलंग काढला, मशीन काढली, शेवटी कपाट ओढलं. मागची फळी हाताला भुगा होऊन लागली. आतल्या दोन कोटांच्या पाठीवर हिरवी बुरशी धरली होती, बाकीचे कपडे धड होते. लेकीनं एकेक उन्हात टाकला.

"आणखी वर्षभर राहिलं असतं तर आईचं काही हाती लागलं नसतं, बाबा."

आधी घर रिकामं करा, हे त्या जुन्या माणसांना का सुचलं असेल, ते त्याला त्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघून समजलं. भिंतीचा निकाल काहीही लागो, माणसाचं सामान वाचलं पाहिजे.

बाई आल्या. त्यांनी डाग बघितला, पेन्सिलीनं त्याच्या कडेकडेनं रेघ ओढली, लहानशी प्रार्थना केली आणि दार लावून घेतलं.

ते सात दिवस तो लेकीकडे राहिला; मशीनही तिकडेच नेली होती. कशाचीच घाई नसलेले दिवस होते ते. सकाळी मशीनच्या आवाजानं जाग यायची आणि क्षणभर आपण कुठल्या घरात, कुठल्या वर्षात आहोत ते कळायचं नाही. ऊन फरशीवरून सरकत जायचं, पडदा फुगायचा, बसायचा. लेक शिवता शिवता आईबद्दल बोलायची, तिच्या वाकड्या टाक्यांवर आई कशी करवादायची ते सांगून हसायची. एकदा तो म्हणाला, "मशीनवरून तुला नको ते बोललो." तिनं दातात धरलेला दोरा तोडला. "बोललात खरं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

सातव्या दिवशी तिघांनी दार उघडलं. डाग रेघेच्या दोन बोटं बाहेर आला होता.

"पसरलाय," बाई हळूच म्हणाल्या.

पुट्टीमामाला वाईट वाटायला हवं होतं, वाटलं हलकं. त्यानं छिन्नी-हातोडा घेतला. चार हातांचा रंग पापुद्र्यांनी गळून पडला, त्यामागून गिलावा. आत पाण्याच्या नळाचा सांधा थेंबथेंब झिरपत होता आणि सहा विटा भिजून मऊ झाल्या होत्या. त्या काढल्या तशी बाहेरच्या उजेडाची एक पट्टी आत आली. जिथे पलंग होता तिथे ती पडली आणि तिच्यात धूळ किती वेळ तरंगत राहिली.

त्यानं सांधा बदलला, नव्या विटा बसवल्या, गिलावा केला. रंग मात्र दिला नाही. "वाळू दे आधी नीट," तो म्हणाला. मशीन लेकीकडेच राहिली.

बुधवारी तो बोलायला उभा राहिला. कागद आणला होता, पण चष्मा विसरला होता.

"मला वाटायचं, हे नियम म्हणजे देवाची नुसती करडी नजर. पण यात घर पाडायला कुणाला घाई नाही. बघतात, थांबतात, परत येऊन बघतात. आपण माणसाच्या बाबतीत एवढं थांबतो का?"

"पण ते याजक, ते घराच्या शुद्धीसाठी अर्पण करायचे पक्षी? ते तर आपल्यासाठी संपलं," पोस्टमास्तर म्हणाले.

"ते ख्रिस्तानं केलं, मानतो मी. पण कुणाकडे तरी जाऊन घरात काय दिसतंय ते सांगायचं, ते माझ्या बदली कुणी केलं नाही. ते मलाच जावं लागलं."

कुणी हसलं नाही. पाळकबाईंनी पुढची चिठ्ठी वाचायला सांगितली.

सगळे पांगल्यावर पोस्टमास्तर छत्री शोधत उगाच रेंगाळले. छत्री त्यांच्या हातातच होती.

"मामा, एकदा घरी येऊन जाल का?"

"भिंत आहे?"

पोस्टमास्तरांनी मान हलवली. "नाही. भिंती बऱ्या आहेत."

पुट्टीमामानं सोबत आणलेली हत्यारांची पिशवी तिथेच खुर्चीखाली सारली आणि त्यांच्याबरोबर पायऱ्या उतरू लागला.